खाऱ्या पाण्यात उभं राहून मासे धरणारी घाटावरची मंडळी: अनुभव आणि धोके

माहुलीचा_माणूस

नमस्कार मंडळी.

साताऱ्यातला आमचा पाच-सहा जणांचा कंपू. सगळे कृष्णा-वेण्णेच्या काठावर गळ टाकत वाढलेले. पाऊस सरला की कुंभार्ली घाट उतरायचा आणि गुहागर, वेळणेश्वर, अंजनवेल, जिथं जमेल तिथं मांडीभर खाऱ्या पाण्यात उभं राहून गरवायचं, हा आता नेमच झालाय. होडी नाही, खडकावर बूड टेकणं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना त्यातली गंमत सांगायला नको, बाकीच्यांना तो डिझेल जाळून ओलं व्हायचा उद्योग वाटतो.

यंदा दिवाळीनंतर पुतण्या येतो म्हणतोय. एकोणीस वर्षांचा, संगम माहुलीच्या डोहात पोहायला शिकलेला, त्यामुळे "मला काय होतंय" हे त्याचं पालुपद. वहिनींनी सरळ विचारलं, "भावजी, तिथं धोका नक्की कशाचा?" मी "शार्कबिर्क काही नाही" एवढंच बोलून सटकलो.

माझं मत असं, की पाणी कंबरेच्या वर गेलं की मासेमारी संपली, पुढे नुसती जिवाची राखण. कंपूतल्या निम्म्या लोकांना हे पटत नाही. मोठा मासा लांबच असतो म्हणतात. तुमचे अनुभव लिहा, जुन्या आठवणीही चालतील. फक्त "जाऊच नका" असं सांगू नका, ते घरी ऐकतो.

फुकटचा_सल्ला

जाऊच नका.

विटेकर_ल्यूरवाला

काका, सरसकट कंबरेचा नियम मला नाही पटत. माणसाची उंची बघा, लाट बघा, तळ बघा. सपाट वाळू आणि शांत पाणी असेल तर छातीपर्यंत गेलेलो आहे. समोरून वारा असला की हलकं ल्यूर (माशासारखं खोटं आमिष) पुढं जातच नाही, पडतं फेसातच. चाळीस पावलं आत गेलं की तेवढं अंतर फुकटात मिळतं.

धोका विचाराल तर माझ्या मते पहिला नंबर स्वतःच्याच गळाचा. ल्यूरला दोन तिहेरी गळ असतात. जिताडा मांडीजवळ आणला की तो शेवटचं डोकं झटकतो, एक गळ त्याच्या जबड्यात आणि दुसरा तुमच्या पँटीत. आता मासा ओढतोय आणि तुम्ही त्याला बांधलेले. आमच्या तासगावच्या मित्राच्या मांडीत असा गळ गेला होता, त्यात दर पाचव्या-सहाव्या सेकंदाला लाट. मासा आधी सोडवायचा की मांडी, हेच कळेना. शेवटी दुसऱ्यानं लाइन कापली, मासा ल्यूरसकट गेला आणि जाताना मांडीतला गळही उचकटून घेऊन गेला.

तेव्हापासून आम्ही सगळे गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करून टाकतो. एखादा मासा सुटतो. सुटू दे.

कृष्णाकाठचा

आमी अंकलखोपकडची माणसं. समुद्राचं म्हाईत न्हाई, पर पाण्यात उभारून मासं धरायचं आमच्या आज्याला इचारायचं. मरळ, वाम, कटला, काय पायजे ते. धरलेलं मासं सुतळीत ववायचं आणि माळ कमरंला बांधून पाण्यातच सोडायची, म्हंजी मासं जितं ऱ्हात्यात आणि काठावर कुत्रं-मांजर पळवत न्हाई.

आता ते समदं बंद. औदुंबर, भिलवडी, आमणापूर, डिग्रज, ह्या पट्ट्यात मगरी हायतं. कमरंला माशांची माळ लावून मगरीच्या नदीत उभारायचं म्हंजी ताट वाढून हाक मारल्यागत झालं. आमच्याकडं मासं धरनाऱ्यापेक्षा मोटरचा फुटबॉल (पाइपाच्या टोकाची झडप) काढाय पाण्यात उतरनाऱ्या शेतकऱ्याला जास्त भ्या. त्यो मान खाली घालून वाकलेला आस्तो आणि ध्यान समदं पाइपात.

तुमच्या समुद्रात मगर नसंल, पर माळ कमरंला बांधत आसाल तर काय ना काय येनारच वासावर.

माहेर_वेलदूर

दादा, मी वेलदूरची, लग्न होऊन सांगलीत आले त्याला बराच काळ लोटला. तुमच्या कंपूसारखी माणसं आम्ही लहानपणापासून बघत आलोय. गाडीतून उतरायचं आणि सरळ पाण्यात. तिथी विचारायची नाही, गावातल्या कुणाला हटकायचं नाही.

आमचे आबा पाग (फेकायचं गोल जाळं) टाकायचे. पागाच्या कडेचा एक भाग दातात, एक खांद्यावर, बाकीचा हातात, आणि अंगाला झोका देऊन असा फेकायचे की पाण्यावर गोल ताट पडावं. पण फेकायच्या आधी काय करायचे ते सांगते. हातात कमरेएवढी काठी असायची. दोन पावलं टाकायची, पुढे काठी टोचायची, परत दोन पावलं. काठी खाली गेली की तिकडे जायचं नाही. पागाची दोरी मनगटात अडकवलेली असे, पण गाठ अशी की एका झटक्यात हात मोकळा व्हावा. नवीन पोरं घट्ट गाठ मारायची, मग आबा ओरडायचे. जाळं खडकात अडकलं आणि पाणी चढायला लागलं, तर मनगट सुटायला नको का?

आणि पाय उचलून चालायचं नाही. वाळूवरून घासत, फरफटत चालायचं. पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) वाळूत अंग पुरून बसतं, वर दोन डोळे फक्त. पाय घासत गेलात तर त्याला लागतो धक्का आणि ते पळून जातं. पाय उचलून वरून ठेवलात तर शेपूट फिरवून काटा घालतं, तो बहुतेक घोट्याला नाहीतर पावलावर.

विटेकर भाऊ, छातीभर पाण्यात जाता ते कोणत्या तिथीला, ते लिहा. त्याशिवाय तुमचं उत्तर अपुरं आहे.

विटेकर_ल्यूरवाला

ताई, तिथी नाही बघत, मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप बघतो. 😀

माहेर_वेलदूर

ॲप चांगलंच आहे, पण अंजनवेलला रेंज गेली की काय करता? आमच्याकडे पोरासोरांना येणारा हिशोब: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. थोडं मागेपुढे होतं, पण घात होत नाही. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, ते यातच आलं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. नवीन माणसाला आणायचं तर भांगात आणावं.

शाकाहारी_पण_वाचतो

मासे खात नाही, धरतही नाही, पण धागा सोडवत नाहीये. भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

मिरजेचा_डॉक्टर

पाकटाचा विषय निघालाच आहे तर थोडं लांबण लावतो.

पाकटाच्या शेपटीवरच्या काट्याला दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दाते असतात आणि वर विषाचं पातळ आवरण. वेदना भयंकर, पहिल्या तास-दीड तासात वाढत जाते. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं निकामी होतं. म्हणून उपाय गरम पाणी. साधारण ४५ अंश सेल्सियस, म्हणजे आंघोळीपेक्षा जरा कडक पण चटका बसणार नाही इतकं. त्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते ज्याला लागलंय त्यानं ठरवायचं नाही, तो कळवळत असतो, त्याला भाजलेलं कळत नाही. दुसऱ्यानं हात घालून बघायचं. पावलातला वरवरचा तुकडा काढला तर चालेल, पण काटा पोटात, छातीत किंवा मानेत रुतला असेल तर उपटू नका, तसाच दवाखान्यात न्या. पायाचा एक्स-रे काढून घ्यावा, तुकडा आत राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच.

शिंगाळा माशाचंही हेच. त्याचा पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा. लोकांना तो पाण्यात कमी लागतो आणि गळातून सोडवताना जास्त लागतो. उपाय तोच, गरम पाणी. आपल्या नदीतल्या शिंगीच्या काट्यालाही हेच चालतं.

२०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी बऱ्याच भाविकांना काटे मारले होते, आठवत असेल. पाणी गुडघा-मांडीभरच, पण शेकडो अनवाणी पाय एकाच वेळी. तेव्हा पाकटासाठी खोल जावं लागतं असं कुणी समजू नये.

फुकटचा_सल्ला

डॉक्टर, आमच्या गल्लीत सांगतात की समुद्रातलं काहीही चावलं तर त्यावर लघवी करावी. खरं का?

मिरजेचा_डॉक्टर

नाही. मित्र गमवायचा असेल तर करा.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, त्यानं उरलेल्या पेशी फुटून आणखी विष सुटतं. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा. श्वासाला त्रास, चक्कर, अंगावर गांधी आल्या तर दवाखाना.

सांगलीची_हळद

आणि हळद? सांगलीत बसून हळदीचं नाव कुणी घेईना?

मिरजेचा_डॉक्टर

हळद रश्श्यात घाला. उघड्या जखमेत भरलेली हळद धुऊन काढायला आमचा अर्धा तास जातो आणि रुग्ण शिव्या देतो ते वेगळं.

निवृत्त_कोयनावाला

मी पाटण तालुक्यातला, नोकरी सगळी धरण-वीजघरात गेली. विषयाला थोडा फाटा फोडतो.

घाटावरचे लोक समुद्रावर मासे धरायला जातात म्हणता, पण आपलं पाणी तर तुमच्या आधीच तिथं गेलेलं असतं. कोयनेचा शिवसागर जलाशय १०५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायची मुभा आहे. बोगद्यातून पोफळी, पुढे कोळकेवाडी आणि तिथून वाशिष्ठीत. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला. म्हणजे धोपाव्याच्या फेरीबोटीत बसून खाडी ओलांडताना खालचं पाणी काही अंशी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेलं असतं.

यात धोक्याचा मुद्दा असा, की वीजघर मागणीप्रमाणे चालतं. संध्याकाळी मागणी वाढली की यंत्रं सुरू होतात आणि चिपळूणच्या वरच्या अंगाला वाशिष्ठीचं पाणी बघता बघता चढतं. पाऊस नाही, ढग नाही, आणि नदी फुगतेय. नदीतल्या खडकावर बसलेली पोरं अशी अडकलेली आम्ही पाहिली आहेत. खाली दाभोळच्या तोंडाशी हे जाणवणार नाही, तिथं भरतीचंच राज्य. पण खाडीच्या वरच्या बाजूला गरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. इकडच्या अंगाला पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडताना भोंगा होतो, गावोगाव कळवतात.

कृष्णाकाठचा

साहेब ते भोंग्याचं आमाला नगा सांगू. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटावर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, ह्ये आमच्याकडं शाळंतल्या पोराला पाढ्याआधी येतंय.

चिपळूण_सासर

वाशिष्ठीत मगरी आहेत बरं का. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी, माणूस खाणाऱ्या. आमच्या सासरी दोन्ही काठांवर दिसतात.

रानवाटा_चांदोली

मगरी आहेत, पण त्या 'खाऱ्या पाण्यातल्या' नव्हेत. ती वेगळी जात, भारतात ओडिशा, सुंदरबन आणि अंदमानात सापडते. वाशिष्ठीतली आणि आपल्या कृष्णेतली एकच, गोड्या पाण्यातली मगर. खाडीच्या मचूळ पाण्यात तिला चालतं, इतकंच.

थंडीत त्या उन्हाला काठावर येऊन पडतात म्हणून जास्त दिसतात. त्याच सुमाराला जोडी जमते, पुढे उन्हाळ्यात अंडी. अंड्यांवर असलेली मादी काठावर येणाऱ्याला सोडत नाही. तेव्हा 'गळाला मासा नाही तर निदान मगर तरी बघू' म्हणून जवळ जाऊ नये.

समुद्री सापांबद्दल कुणी लिहिलं नाही. कोकणपट्टीवर ते आहेत, विषारी आहेत, जाळ्यात मासळीबरोबर येतात. उभं राहून गळ टाकणाऱ्याला ते सहसा काही करत नाहीत. पण किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जाळ्यात 'मेलेला' साप दिसला तर शेपटी धरून फोटो काढू नका. आपल्याकडं मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, समुद्री सापासाठी नव्हे.

विटेकर_ल्यूरवाला

एवढं सगळं वाचून पुतण्या घरातच बसणार. 😂 मंडळी, मासे पण मिळतात तिकडं!

सांगलीची_हळद

कुठले मिळतात ते लिहा की मग. नुसते काटे आणि विष चाललंय.

माहुलीचा_माणूस

बोई, मुडदुशे, तांबोशी, कधी जिताडा, नशीब असेल तर रावस. मुडदुशांसाठी तर खोल जायची गरजच नाही, वाळूच्या कडेला घोटाभर पाण्यात असतात. रवा लावून तव्यावर, वर लिंबू. आमचा एक जण सोबत खर्डा घेऊन येतो, ताजा मासा आणि साताऱ्याचा खर्डा. कोकणातल्या खानावळवाल्या काकूंनी आधी नाक मुरडलं, आता गेलं की त्याच विचारतात, "आणलात का ते?"

माहेर_वेलदूर

मुडदुशाला खर्डा?! आबा असते तर तुम्हाला धक्क्यावर उभं केलं नसतं.

असो. वर मोठा मासा लांब असतो म्हणून छातीभर पाण्यात जायचं असं आलंय, त्यावर बोलायचं राहिलं. आमच्याकडची वाळू सरळ उतरत नाही. किनारा, मग एक लांबट घळ, मग वाळूचा दांडा, त्याच्यापुढे खोल. ओहोटीला घळ गुडघाभर, दांडा उघडा. तुम्ही लोक चालत घळ ओलांडता, दांड्यावर उभे राहता आणि पुढं फेकता. भरती सुरू झाली की पाणी आधी घळीत भरतं, ते दोन्ही टोकांनी येतं, मागून. तुमच्या पायाशी पाणी पोटरीला असतं तेव्हा मागची घळ कंबरेच्या वर गेलेली असते. आणि तुम्ही तोंड करून उभे समुद्राकडे.

त्यात भरती सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. पहिला तास काही कळतच नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. पौर्णिमेला पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी, तुम्ही अंधारात दांड्यावर जाणार, सात वाजले तरी 'अजून वेळ आहे' वाटणार, आणि आठच्या पुढं पाणी पळायला लागणार. नेमके तेव्हाच मासे लागायला लागतात, त्यामुळे पाय निघत नाही. आमच्या गावात जे बुडाले ते बहुतेक असे, परतताना.

आता मासा कुठे असतो ते ऐका. चढत्या पाण्याबरोबर बोईची पिल्लं घळीत शिरतात, त्यांच्या मागं जिताडा आणि रावस. म्हणजे तुम्ही छातीभर पाण्यात उभे राहून लांब फेकताय आणि मासा तुमच्या पाठीमागं. आबांनी मोठे जिताडे मांडीभर पाण्यात धरलेत, किनाऱ्याकडं तोंड करून.

विटेकर_ल्यूरवाला

ताई, हे मात्र मानलं. खरं सांगायचं तर मागं उड्या ऐकू येतात, आम्ही समजतो बोई खेळतायत.

तरी सगळीकडे दांडा-घळ नसते. काही ठिकाणी सरळ उतार आहे, तिथं माझं म्हणणं कायम.

जुना_बिंडा

पोहता येण्याबद्दल लिहितो. आम्ही सांगलीचे, पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधून कृष्णेत ढकललेली पिढी. पुरात आयर्विनवरून उड्या मारून खालच्या घाटाला लागणारी पोरं आमच्यात होती. त्या माणसाला समुद्रात काय होतं ते मी गणपतीपुळ्याला पाहिलंय. पट्टीचा पोहणारा, मांडीभर पाण्यातून लाटेनं पाय सुटले आणि परतीच्या ओढीत सापडला. किनारा समोर दिसतोय म्हणून सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला. पाचेक मिनिटांत दम संपला. जीवरक्षकांनी काढला म्हणून वाचला.

गंमत अशी, की नदीत हाच माणूस असं कधी करत नव्हता. धारेत सापडलं की तिरकं निघायचं, धारेशी भांडायचं नाही, हे त्याला दहाव्या वर्षी माहीत होतं. समुद्रातही तेच. ओढ अरुंद असते, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं आणि मग लाटेबरोबर आत यायचं. पण समुद्रात धार कुठल्या बाजूला चाललीय ते नदीसारखं दिसत नाही. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, सपाट दिसतोय, तर तीच ओढ. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, 'इथं लाट कमी आहे' म्हणून.

पुतण्याला पोहता येतं हे चांगलंच आहे. पण हा पट्टा त्याला वाळूवर उभं करून आधी दाखवा.

तासगावचा_द्राक्षवाला

दिवाळीच्या आगेमागे जाणार असाल तर आभाळाकडं बघा. परतीचा पाऊस रेंगाळला की दुपारनंतर गडगडाट असतो. हातात दहा फुटी कार्बनचा रॉड, आजूबाजूला मैलभर त्याहून उंच काही नाही, आणि पाय खाऱ्या पाण्यात. कार्बन वीज वाहून नेतो. बागेत ढग वाजला की आम्ही पत्र्याच्या शेडमधून हलत नाही, आणि हेच आमचे मित्र समुद्रात रॉड उभा धरून 'आता लागेल' म्हणत थांबतात.

फुकटचा_सल्ला

लागेल की. वरून.

हेदवी_भटकंती

खडकाळ जागांवर कालवांचा विचार करा. खडकाला चिकटलेली कालवं म्हणजे उभी पाती. पाण्यात कापलं की कळतही नाही. बाहेर आल्यावर पोटरीवर पांढरी रेघ दिसते, आणि दोन मिनिटांनी ती रेघ उघडून रक्त सुरू. चप्पल घालून जाणाऱ्यांची चप्पल चिखलात राहते. पायाला घट्ट बसणारे, जाड तळाचे बूट घ्या, जुने कॅनव्हासचे चालतात. आणि कंबरेपर्यंतचे रबरी गमबूट-पँट कुणी सुचवेल तर लाटेच्या पाण्यात घालू नका. आत पाणी भरलं की उठता येत नाही.

हेदवीच्या बामणघळीकडे तर भरतीत खडकावर जायचंच नाही. पाणी घळीतून उसळतं ते बघायला लांब उभं राहा.

मिरजेचा_डॉक्टर

कालवांच्या जखमेबद्दल एक महत्त्वाचं. कोमट खाऱ्या-मचूळ पाण्यात व्हिब्रियो जातीचे जंतू असतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर त्यातले काही जंतू जखमेतून फार वेगानं पसरतात. जखम गोड्या पाण्यानं आणि साबणानं खळखळून धुवा. दुसऱ्या दिवशी सूज, फोड, ताप, जांभळेपणा दिसला तर थांबू नका, आणि डॉक्टरांना 'समुद्राच्या पाण्यात कापलंय' हे आवर्जून सांगा. घाटावर परत आल्यावर इथल्या डॉक्टरच्या मनात ते चटकन येत नाही.

कंपूत पन्नाशीचे, साखरवाले कोणी असतील तर त्यांनी उघड्या जखमेनं पाण्यात उतरूच नये. पायाला भेग असली तरी.

माहुलीचा_माणूस

आहेत. दोघं. त्यातला एक हे वाचतोय आणि मला आत्ताच फोन करून 'तुला धागा काढायला कुणी सांगितलं होतं' म्हणाला.

कृष्णाकाठचा

वाळूचं निघालंय तर आमच्या नदीतलं बी ऐका. वाळू उपसून उपसून खड्डं पडल्यात. वरून पानी सारखंच दिसतंय. गुडघाभर पान्यात चालता चालता एका पावलात डोक्यावर. ताईंच्या आबांची काठी आमच्याकडं बी पायजे आता.

संपादक_मंडळ

मुडदुशे आणि खर्डा यावरचे सतरा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. कृपया मूळ प्रश्नाकडे वळावे.

माहेर_वेलदूर

मूळ प्रश्न पुतण्याचा. दादा, कोणता किनारा आणि कोणता दिवस, ते सांगा. बाकी चर्चा हवेतली.

माहुलीचा_माणूस

गुहागर, गावासमोरचा. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार-रविवार धरलाय.

माहेर_वेलदूर

लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पुढची पौर्णिमा त्रिपुरीची. तुमचा शनिवार त्रिपुरीच्या दोन-तीन दिवसांत येत असेल तर उधाण आहे, एक आठवडा अलीकडे या. अष्टमीच्या आसपास आलात तर सकाळी सहाला भरती, मग पाणी उतरत जाणार. उतरत्या पाण्यात पोरगा मांडीभर उभा राहिला तर पाणी कमीच होत जाईल. ओढ मात्र बाहेरची असते, तेवढं बघा. बाराला बाहेर काढा, जेवा, झोपा. चढत्या पाण्यात पहिल्या खेपेला नकोच.

आणि गुहागरला उतरल्यावर आधी कोळीवाड्यात चहा प्या. दांडा दर पावसाळ्यात सरकतो. गेल्या वर्षीची तुमची जागा यंदा तिथं नसेल.

जुना_बिंडा

पुतण्याला कुणाच्या तरी जोडीनं उभा करा. दोघांत हाकेचं अंतर. वाऱ्यात हाक जात नाही, गळ्यात शिट्टी घाला. कृष्णेत पोहणारं पोरगं शिट्टी घालणार नाही, त्याला मोठ्यांनी आधी घालून दाखवावी लागेल.

विटेकर_ल्यूरवाला

माझ्याकडून पुतण्याला एक पक्कड भेट. आणि पहिल्या खेपेला एकेरी गळाचंच ल्यूर द्या, तिहेरी नको. गॉगलही, फेकताना मागच्याच्या डोळ्यासाठी. कंबरेवरून भांडण पुढच्या धाग्यात करू.

माहुलीचा_माणूस

आभारी आहे मंडळी. तारीख आठवडाभर अलीकडे घेतली. वहिनींना ताईंचे तिन्ही मोठे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, गरम पाणी तिथं वाळूत कुठून आणणार?

मिरजेचा_डॉक्टर

बरोबर प्रश्न. मोठा थर्मास आणि एक रिकामी बादली गाडीत ठेवा. थर्मासमधलं कडक पाणी बादलीतल्या साध्या पाण्यात मिसळून हवं तेवढं गरम करता येतं. छोटा गॅस असेल तर उत्तमच, दीड तास पाणी गरम ठेवायचं असतं.

फुकटचा_सल्ला

थर्मासवर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहा. आमच्या एका सहलीत ऐन वेळी उघडला तर आत गवती चहा घातलेला दुधाचा चहा, साखर घालून. ज्याला शिंगाळा लागला होता तो म्हणाला, आधी एक कप प्यायला द्या.